फिलर घातलेलं प्लास्टिक साच्यात कसं वाहतं? एमएफआयच्या आकड्यामागचा हिशेब

इंजेक्शन मोल्डिंगच्या शॉपफ्लोअरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. 'रिपोर्टवर एमएफआय तर तेवढाच आहे, मग पार्ट का भरत नाही?' कालपर्यंत साधं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, चालत होतं. आज त्याच एमएफआयचं टाल्क घातलेलं कंपाउंड आलं आणि साच्याच्या लांबच्या कोपऱ्यात शॉर्ट यायला लागले. माल देणारा रिपोर्ट पुढे करतो, ऑपरेटर बॅरलचं तापमान वाढवत नेतो, आणि मालक दोघांवर वैतागतो. बहुतेक वेळा यात खोटं कुणीच बोलत नसतं. आकडा खरा असतो. फक्त तो जे सांगतो असं आपण धरून चालतो, ते तो सांगत नसतो.

मी काही वर्षं कंपाउंडिंगच्या प्रयोगशाळेत एमएफआयचं यंत्र चालवलं आहे, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो. ज्यांचा प्लास्टिकशी संबंध फक्त खुर्ची-बादलीपुरता आहे, त्यांनाही यात कामाचं काही सापडेल.

फिलर म्हणजे नक्की काय

खनिजाची बारीक दळलेली पूड. सगळ्यात जास्त वापरात असलेली दोन: कॅल्शियम कार्बोनेट आणि टाल्क. पहिलं म्हणजे खडू, चुनखडी, संगमरवर यांच्याच कुळातला दगड. दुसरं म्हणजे आपलं शंखजिरे, जे चेहऱ्याच्या पावडरीत असतं. याशिवाय अभ्रक, केओलिन, वोलॅस्टोनाइट, बेरियम सल्फेट वगैरे आहेत. वोलॅस्टोनाइटचे कण सुईसारखे लांबट असतात, आणि राजस्थानातल्या सिरोही जिल्ह्यात बेलका पहाडला त्याची प्रसिद्ध खाण आहे. टाल्कही आपल्याकडे मुख्यतः राजस्थानातूनच येतं.

फिलर फक्त स्वस्तात पडतं म्हणून घालतात, हा समज अर्धाच खरा आहे. टाल्कमुळे पीपीचा ताठपणा वाढतो, उन्हात किंवा इंजिनाजवळ पार्ट वाकत नाही, आणि थंड होताना आकसणं कमी होतं. मोटारीचा बंपर आणि डॅशबोर्ड यांतलं पीपी म्हणूनच टाल्कवालं असतं. सिमेंटच्या विणलेल्या पोत्यांच्या पट्टीत कॅल्शियम कार्बोनेट घालतात, कारण त्याने पट्टी उभी चिरत नाही. बाळाच्या डायपरची बाहेरची 'श्वास घेणारी' फिल्मही अशीच बनते: पॉलिथिलीनमध्ये साधारण निम्मं कॅल्शियम कार्बोनेट घालायचं आणि फिल्म ताणायची. प्रत्येक कणाभोवती सूक्ष्म छिद्र उघडतं, त्यातून वाफ जाते पण पाणी जात नाही.

आणि हो, स्वस्त करण्यासाठीही घालतात. त्याचा हिशेब शेवटी करू.

एमएफआयचं यंत्र काय मोजतं

यंत्र अगदी साधं आहे. एक तापवलेली उभी नळी, आतला व्यास सुमारे ९.५५ मिमी. खाली एक छोटी डाय, तिचं भोक २.०९५ मिमी आणि लांबी ८ मिमी. नळीत चार-पाच ग्रॅम दाणे टाकायचे, वितळू द्यायचे, वर दट्ट्या ठेवून त्यावर ठरलेलं वजन ठेवायचं. पीपीसाठी २३० अंश सेल्सियस आणि २.१६ किलो, पॉलिथिलीनसाठी १९० अंश आणि बहुधा तेच वजन. १० मिनिटांत डायमधून किती ग्रॅम माल बाहेर येईल, तो झाला मेल्ट फ्लो इंडेक्स. आयएसओ ११३३ आणि एएसटीएम डी १२३८ ही त्याची दोन मानकं.

या वर्णनातला 'ग्रॅम' हा शब्द लक्षात ठेवा. सगळी गडबड तिथे आहे.

साचा भरतो तो ग्रॅमने नाही, आकारमानाने. साच्यातली पोकळी १०० घन सेंटिमीटरची असेल तर तेवढ्या घन सेंटिमीटरचा माल तिथपर्यंत पोचला पाहिजे, त्याचं वजन काहीही असो. साधं पीपी २३० अंशांना वितळलेलं असतं तेव्हा त्याची घनता साधारण ०.७४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. टाल्कची घनता २.७५ च्या आसपास, आणि ते वितळत नाही, फुगतही नाही.

आता वजनाने ४० टक्के टाल्क असलेलं कंपाउंड घेऊ. १०० ग्रॅम कंपाउंडमध्ये ४० ग्रॅम टाल्क म्हणजे १४.५ घन सेंटिमीटर, आणि ६० ग्रॅम वितळलेलं पीपी म्हणजे ८१ घन सेंटिमीटर. बेरीज साडेपंच्याण्णव. म्हणजे वितळलेल्या कंपाउंडची घनता झाली साधारण १.०५.

तर एमएफआय १० असलेलं साधं पीपी १० मिनिटांत १३.५ घन सेंटिमीटर माल सोडतं. आणि एमएफआय १० असलेलं हे टाल्कवालं कंपाउंड सोडतं फक्त साडेनऊ. रिपोर्टवर दोन्हीकडे '१०' लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्ष वाहणं जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. यात कुठलंही गूढ विज्ञान नाही, नुसता भागाकार आहे. तरी हा भागाकार न करता कंपाउंडची तुलना केलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता नवल वाटत नाही.

उपाय मानकातच दिलेला आहे. दट्ट्या किती खाली सरकला यावरून आकारमान मोजता येतं, त्याला मेल्ट व्हॉल्यूम रेट म्हणजे एमव्हीआर म्हणतात. एकक घन सेंटिमीटर प्रति १० मिनिटं. फिलर असलेला माल घेताना एमव्हीआर मागा. नसेल तर दोन्ही ग्रेडची वितळलेल्या अवस्थेतली घनता विचारा आणि एमएफआयला तिने भागा. इथे खोलीच्या तापमानाची घनता वापरू नका. थंड पीपीची घनता ०.९०५ असते, तिने भागलं तर उत्तर चुकतं.

दगड वाहत नाही, मग दाटपणा किती वाढतो?

आता खरा प्रश्न. पूड घातल्यावर वितळलेलं प्लास्टिक दाट का होतं आणि किती होतं? पाठ्यपुस्तकात याला श्यानता म्हणतात, इथे मी दाटपणाच म्हणतो.

संक्रांतीला तिळाच्या वड्या करताना हे सगळं कढईत दिसतं. गुळाचा पाक तोच, आच तीच. मूठ मूठ तीळ पडत गेले की उलथनं जड होत जातं. पाक स्वतः बदललेला नसतो. पण तीळ ताणले जात नाहीत, त्यामुळे जी काही हालचाल व्हायची ती सगळी मधल्या उरलेल्या पाकाला करावी लागते. दोन तिळांमधला पाकाचा थर जितका पातळ, तितका तो जास्त वेगाने घसरावा लागतो. प्लास्टिकमध्ये हेच होतं. आणि तिळाऐवजी त्याच वजनाचं दाण्याचं बारीक कूट घातलं तर काय होतं, ते घरात कुणालाही विचारा. तो मुद्दा पुढे येईलच.

याचं पहिलं गणित आइन्स्टाइनने मांडलं. १९०५ चा त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध सापेक्षतेवर नव्हता, तर द्रवात विरघळलेल्या रेणूंच्या आकारावर होता, आणि त्यात द्रवातल्या गोल कणांमुळे दाटपणा किती वाढतो याचं सूत्र होतं. प्रबंध १९०६ मध्ये छापून आला. पॅरिसमध्ये जाँ पेरँच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी ते सूत्र काही केल्या जुळेना. तेव्हा लुडविग हॉप्फ या त्याच्या विद्यार्थ्याने गणित तपासलं आणि आकडेमोडीतली चूक सापडली. १९११ मध्ये दुरुस्ती छापली गेली आणि आज माहीत असलेला २.५ हा आकडा आला. सूत्र असं: दाटपणा होतो मूळ दाटपणा गुणिले (१ + २.५ × फिलरचा आकारमानातला वाटा). म्हणजे आकारमानाने २ टक्के फिलर घातलं तर दाटपणा ५ टक्के वाढतो.

हे सूत्र चांगलं आहे, पण कण एकमेकांपासून दूर दूर असतील तेव्हाच. कारखान्यात तसं नसतं. कण जवळ आले की एकमेकांच्या वाटेत येतात, आणि एका मर्यादेला इतके खेटून बसतात की हलायला जागाच उरत नाही. ही मर्यादा एकसारख्या गोल कणांसाठी आकारमानाच्या साधारण ६४ टक्के असते. चपट्या किंवा सुईसारख्या कणांसाठी त्याहून कमी. ही मर्यादा धरून १९५९ मध्ये क्रीगर आणि डॉहर्टी यांनी जे सूत्र दिलं ते आजही वापरलं जातं. मर्यादा ६० टक्के धरली तर ते असे आकडे देतं:

आकारमानाने १५ टक्के फिलर: दाटपणा दीडपट.
३० टक्के: पावणेतीनपटीहून थोडा जास्त.
४५ टक्के: आठपट.
५४ टक्के: तीसपटीच्या वर.

म्हणजे सुरुवातीला बराच वेळ फारसं काही होत नाही आणि मग एकदम भिंत येते. 'पाच टक्के आणखी घालू, काय फरक पडतो' हे वाक्य २० टक्क्यांवर निभावतं, ६० वर नाही.

आकारमान आणि वजन यांची इथेही सांगड घाला. वजनाने ४० टक्के टाल्क म्हणजे वितळलेल्या अवस्थेत आकारमानाने जेमतेम १५ टक्के. म्हणून इतकं टाल्क घालूनही कंपाउंड व्यवस्थित चालतं. उलट फिलर मास्टरबॅचमध्ये वजनाने ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते आकारमानाने ५२ टक्के होतं. भिंतीला अगदी खेटून. म्हणून मास्टरबॅचमध्ये पूड एकत्र धरणारं जे प्लास्टिक असतं, त्याला कॅरियर म्हणतात, ते मुद्दाम खूप पातळ, चढ्या एमएफआयचं घेतात. कॅरियर चुकीचं असेल तर मास्टरबॅच पीपीमध्ये नीट पसरत नाही. पोत्याची पट्टी ओढताना ती मग गाठीपाशी तुटते आणि लाइन थांबते.

आता मघाचा टाल्कवाला हिशेब पूर्ण करू. पीपीचा एमएफआय १०. त्यात ४० टक्के टाल्क. कागदावर दाटपणा दीडपटीच्या थोडा वर जाईल. म्हणजे आकारमानाचा वेग १३.५ वरून पावणेनऊपर्यंत येईल, साधारण ३५ टक्के घट. पण तेच ग्रॅममध्ये मोजा: पावणेनऊ गुणिले १.०५, म्हणजे नऊच्या वर. एमएफआय १० चा ९ झाला! बघणाऱ्याला वाटतं, वा, ४० टक्के दगड घालूनही काही फरक पडला नाही. दाटपणा वाढल्याने जे गेलं ते वजन वाढल्याने झाकलं गेलं. प्रत्यक्षात कण चपटे आणि बारीक असल्यामुळे आकडा याहून खालीही जातो, पण झाकाझाकीचा प्रकार तोच.

कणाचा आकार, आणि गुठळ्या

वरच्या सूत्रात कण किती मोठा आहे हे कुठेच नाही. गोल, गुळगुळीत आणि मोठ्या कणांना ते चालतं. पण कण काही मायक्रॉनच्या खाली गेले की चित्र बदलतं. कणाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच वजनाच्या पुडीचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. त्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे रेणू चिकटून बसतात, आणि कण एकमेकांनाही चिकटतात. गुठळी झाली की तिच्या आत अडकलेलं प्लास्टिक वाहण्याच्या कामातून बाद होतं. म्हणजे रिपोर्टवर २० टक्के फिलर आहे, पण वितळलेल्या मालाला ते २५ असल्यासारखं जाणवतं. दाण्याच्या कुटाने पाक लवकर घट्ट होतो, तो याच कारणाने.

यावर उपाय म्हणून कॅल्शियम कार्बोनेटला स्टिअरिक आम्लाचा थर देतात, वजनाच्या साधारण एक टक्का. साबणात आणि मेणबत्तीत असतं तेच हे आम्ल. आम्लाचं डोकं दगडाला धरतं आणि शेपूट प्लास्टिकच्या बाजूला राहतं. कण मग एकमेकांना चिकटत नाहीत, ओल कमी धरतात, आणि दाटपणा खाली येतो. थर दिलेली पूड थोडी महाग पडते, पण माझ्या मते तिथे पैसे वाचवणं हा सगळ्यात महागडा शहाणपणा आहे. टाल्कला मात्र स्टिअरिक आम्लाचा फारसा उपयोग नाही. त्याच्या चपट्या बाजूला हे आम्ल धरून बसेल असं काही नसतं.

कणांचे आकार मिसळण्याचाही फायदा होतो. मोठ्या कणांच्या मधल्या फटीत छोटे बसले तर तेवढंच फिलर कमी जागेत मावतं आणि भिंत पुढे सरकते. काँक्रीटमध्ये खडी, वाळू आणि सिमेंट का घालतात, याचंच हे लहान रूप. म्हणून चांगल्या पूडवाल्याकडे फक्त 'सरासरी किती मायक्रॉन' एवढंच विचारून भागत नाही. सगळ्यात मोठा कण किती, आणि बारीक भुकटीचं प्रमाण किती, हेही विचारावं लागतं.

चपट्या कणांची एक चांगली बाजू आहे. माल वेगाने वाहायला लागला की टाल्कचे पत्रे आणि वोलॅस्टोनाइटच्या सुया प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, नदीत ओंडके होतात तशा. मग त्या कमी अडवतात.

यंत्रातला वेग वेगळा, साच्यातला वेगळा

यातून पुढचा मुद्दा येतो. एमएफआयच्या नळीत २.१६ किलोचं वजन जो दाब देतं तो जेमतेम ३ बार. इंजेक्शन मशीन शेकड्यांनी बार देतं. नळीच्या डायमध्ये १० एमएफआयच्या पीपीचा शिअर रेट, म्हणजे मालाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग, सेकंदाला सुमारे २५ असतो. साच्याच्या अरुंद गेटमध्ये तो हजारांत जातो, पातळ भिंतीच्या डब्यांमध्ये दहा हजारांच्या वरही.

वितळलेलं प्लास्टिक जितकं वेगाने ढकलावं तितकं पातळ होतं. फिलर असताना तर जास्तच, कारण कणांमधल्या पातळ थरात वेग आणखी वाढलेला असतो. त्यामुळे साध्या आणि फिलरवाल्या मालातला फरक कमी वेगाला मोठा दिसतो आणि जास्त वेगाला आकसतो. म्हणून एमएफआयमध्ये वाईट दिसणारं कंपाउंड मशीनवर चक्क बरं चालू शकतं. पार्ट भरत नसेल तर तापमानाच्या आधी इंजेक्शनचा वेग वाढवून बघा असं मी म्हणतो, ते यासाठी. अर्थात गेटवर माल जळत असेल किंवा पार्टवर चांदीसारखे पट्टे येत असतील तर तिथे थांबा.

उलट टोकही आहे. फिलर खूप असलं की कणांची एक जाळी तयार होते आणि ठरावीक जोर लावल्याशिवाय माल हलतच नाही. धूर कमी करणाऱ्या, हॅलोजन नसलेल्या केबलच्या आवरणात वजनाने ६० टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. २.१६ किलोला असा माल डायमधून नीट उतरतच नाही, म्हणून तिथे २१.६ किलोचं वजन लावतात. दोन वेगळ्या वजनांवरचे एमएफआय एकमेकांशी कधीच ताडून बघू नका. रिपोर्टवर आकड्याशेजारी तापमान आणि वजन लिहिलेलं नसेल तर तो आकडा नसल्यातच जमा.

एका एमएफआयवरून सगळ्या वेगांचा दाटपणा काढता येतो का? याचं चांगलं उत्तर पुण्यातून आलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शेणॉय, चट्टोपाध्याय आणि नाडकर्णी यांनी १९८३ मध्ये दाखवलं की दाटपणाला एमएफआयने गुणलं आणि शिअर रेटला एमएफआयने भागलं, तर एकाच जातीच्या प्लास्टिकच्या वेगवेगळ्या ग्रेडच्या रेषा एकमेकींवर येऊन बसतात. म्हणजे एक मूळ रेषा हाताशी असेल तर महागडं उपकरण नसतानाही नव्या ग्रेडचा अंदाज बांधता येतो. शेणॉय यांनी पुढे फिलर घातलेल्या पॉलिमरच्या वहनावर १९९९ मध्ये एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. आपल्या लघुउद्योगांमध्ये याची फारशी माहिती नाही, याचं मला वाईट वाटतं.

लवकर गोठणं

साचा न भरण्याचं आणखी एक कारण एमएफआयच्या यंत्राला दिसूच शकत नाही, कारण तिथे सगळं एकाच तापमानाला असतं. साचा मात्र थंड असतो. दगड पीपीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता वाहून नेतो, त्यामुळे फिलरवाला माल भिंतीला लागताच झपाट्याने निवतो. शिवाय टाल्क हे पीपीचे स्फटिक सुरू करून देणारं उत्तम विरजण आहे. साधं पीपी ज्या तापमानाला अजून वाहत असतं, त्या तापमानाला टाल्कवालं घट्ट व्हायला लागतं. कॅल्शियम कार्बोनेटचा हा परिणाम बराच कमी.

दगड तापायला कमी उष्णता लागते म्हणून माल लवकर थंड होतो, असंही सांगितलं जातं. वजनाच्या हिशेबात ते बरोबर आहे. आकारमानात मोजलं तर फरक थोडाच उरतो. खरं काम करते ती उष्णता वाहून नेण्याची क्षमता.

याचा फायदाही होतो, सायकल टाइम कमी होतो. पण पातळ भिंतीच्या लांब पार्टमध्ये पुढचं तोंड शेवटपर्यंत पोचायच्या आत गोठतं. तिथे साच्याचं तापमान वाढवणं किंवा गेट मोठं करणं जास्त उपयोगी पडतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: साधं पीपी दीड ते दोन टक्के आकसतं, भरपूर टाल्कवालं त्याच्या निम्म्याच्या जवळपास. एकासाठी बनवलेल्या साच्यात दुसरं टाकलं तर पार्ट भरेल, पण झाकण डब्याला बसणार नाही.

फिलर घातलं आणि एमएफआय वाढला?

हे झालं तर कान टवकारा. दगडाने माल पातळ होत नाही. म्हणजे कुठेतरी प्लास्टिकच्या साखळ्या तुटल्या आहेत, किंवा काहीतरी वंगण आत गेलं आहे.

पीईटी, पीबीटी, नायलॉन यांच्या बाबतीत पहिला संशय ओलीवर. फिलरने हवेतली ओल धरलेली असते आणि वितळताना ती साखळ्या कापते. पीपीच्या बाबतीत कंपाउंडिंगच्या स्क्रूमध्ये माल जास्त रगडला किंवा जास्त तापला, असं धरून चाला. टाल्कमध्ये लोहाचा अंश असेल तर उष्णतेत पीपी लवकर खराब होतं, आणि टाल्क अँटिऑक्सिडंटही स्वतःच्या पृष्ठभागावर शोषून घेतं. म्हणून टाल्कच्या कंपाउंडमध्ये अँटिऑक्सिडंट जास्त घालावं लागतं. पैसे वाचवायला नेमकं तेच कमी केलं जातं, आणि मग वर्षभराने पार्ट हातात तुटतो.

तिसरी शक्यता मुद्दाम केलेल्या पातळपणाची. पेरॉक्साइड घालून पीपीच्या साखळ्या तोडणं ही मान्यताप्राप्त पद्धत आहे, चढ्या एमएफआयच्या कितीतरी ग्रेड अशाच बनतात. पण भंगारातला माल, त्यात फिलर, आणि एमएफआय जुळवायला पेरॉक्साइड, अशी खिचडी केली तरी रिपोर्टवरचा आकडा छान दिसतो. धक्का सोसण्याची ताकद मात्र गेलेली असते. म्हणून फिलरवाल्या मालाचा एमएफआय एकटा बघू नका, इम्पॅक्टचा आकडा सोबत हवाच.

किलोने घेता, नगाने विकता

साधं पीपी १०० रुपये किलो आहे असं धरू. १०० घन सेंटिमीटरच्या पार्टला ते ९०.५ ग्रॅम लागतं, म्हणजे ९ रुपये ५ पैसे. तोच पार्ट ३० टक्के टाल्कच्या कंपाउंडमध्ये केला तर वजन होतं ११३ ग्रॅम, आणि ४० टक्क्यांच्या कंपाउंडमध्ये जवळजवळ १२४. म्हणजे ३० टक्केवालं कंपाउंड ८० रुपयांच्या खाली मिळालं तरच बचत, आणि ४० टक्केवालं ७३ च्या खाली. '१० रुपये स्वस्त देतो साहेब' म्हणणाऱ्याकडून ३० टक्के फिलरचा माल घेतला तर दर नगामागे पैसे जास्तच जातात. आणि त्याच न्यायाने वजनदार खुर्ची म्हणजे दणकट खुर्ची नव्हे.

घरी करण्यासारखी चाचणी: तुटलेल्या खुर्चीचा तुकडा पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं. फिलर वजनाने १४ टक्क्यांच्या पुढे गेलं की ते बुडतं. तुकड्यात हवेचे बुडबुडे नसावेत, एवढं बघा.

कारखान्यात राख काढा. मुशीत पाच ग्रॅम दाणे घ्या, धूर जाईपर्यंत हळूहळू जाळा आणि मग मफल भट्टीत ५५० ते ६०० अंशांना ठेवा. उरेल ते फिलर. भट्टी ९०० ला नेऊ नका. त्या तापमानाला कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि १०० ग्रॅमचे ५६ च उरतात, म्हणजे ३० टक्के फिलर १७ टक्के दिसेल. राख थंड झाल्यावर तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. नुसती भिजून गप्प बसली तर टाल्क असण्याची शक्यता जास्त. काही वेळा थोडीशी फसफस होते आणि बाकी तशीच राहते, तेव्हा दोन्ही मिसळलेली असतात. टाल्कचे पैसे घेऊन त्यात चुनखडी मिसळलेली अशीच पकडली जाते.